तेरावी

सकाळी सहाला कागदगिरणीचा भोंगा होतो
आणि मी मशीनमध्ये तेरा जर्सी टाकते.
पांढऱ्या. तीस डिग्री. पावडर बेताची,
नाहीतर पाठीवरची अक्षरं सोलपटतात.
सोळा वर्षं धुतेय, उगाच सांगत नाही.

गावाला उकडलेल्या कोबीचा वास आहे म्हणतात.
आम्हाला येत नाही.
हॉल गिरणीचा, क्लब गिरणीचा;
कागदाचा भाव उतरला की मुलींचे पगार
पुढच्या महिन्यात, मग त्याच्या पुढच्या.
अमेरिकेहून आलेली डेव्होन नाताळाआधीच सामान बांधते,
आमच्या पोरी पोलंडला, हंगेरीला, तुर्कस्तानात,
जिथे पैसे वेळेवर येतात तिथे.
उन्हाळ्यात देश बोलावतो.
देश देतो रोजचा भत्ता आणि एक ट्रॅकसूट,
तोही परत करायचा, धुऊन.
तरी येतात.

येतात तेरा. विमानात बसतात बारा.

छापणाऱ्याच्या यंत्राला आमची लिपी पुरत नाही.
अक्षरांवरची चिन्हं गळतात,
ओंद्रेयिच्कोवाची ओंद्रेयित्स्कोवा होते,
आणि तिची आजी टीव्हीसमोर विचारते, ही कोण?
म्हणून ती मी हातानं शिवते:
काळा दोरा, दोन टाके,
लहान मूल आभाळात काढतं तसलं
दोन रेघांचं पाखरू.
शाळेत आम्हाला शिकवलं होतं,
हे चिन्ह अक्षराला मऊ करतं.

म्हणून यादी आधी माझ्याकडे येते.
प्रशिक्षक दारातूनच देतात, नजर मशीनकडे.
मुलींना उद्या, नाश्त्यानंतर.
एक रात्र ते नाव फक्त मला ठाऊक असतं.

मीही खेळले आहे. एकदाच.
जर्सीवर जो देश होता तो आता नाही,
एका नववर्षाच्या रात्री त्याचे दोन झाले.
रेल्वे वाटली, लष्कर वाटलं, सोनं वाटलं.
माझी चार मिनिटं, दोन फाउल
आणि तो चुकलेला फ्री थ्रो
कुणाच्या वाट्याला गेला, कुणी कळवलं नाही.

रात्री बिबियाना आली, गुडघ्याला बर्फ बांधून.
ह्याच गावची, बाप गिरणीत लगद्याच्या टाकीवर होता.
एकतीस वर्षांची. एकाच गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया.
म्हणाली, झोप येत नाही, काहीतरी काम दे.
मी म्हटलं, काम कुठे, झालंच सगळं.
तिनं टोपली पाहिली.
बारा घड्या.
तेरावी दोरीवर, ओलीच,
पाठ भिंतीकडे करून.

मशीन पिळत होतं. दोघी त्याचंच ऐकत बसलो.

मग तिनं टोपलीतून आठ नंबर उचलला,
त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा,
जी डाव्या हातानं पास देताना
अजून एकदा जमिनीकडे बघते.
"हिचं पाखरू राहिलंय," म्हणाली.
सुई तिनंच ओवली, तिसऱ्या खेपेला.
चेंडू ज्या बोटांना न बघता सापडतो
ती बोटं दोनदा टोचली.
रक्त लागू दिलं नाही कापडाला.
मी काही बोलले नाही.
तिनंही विचारलं नाही.

सकाळी सात चाळीसची गाडी, म्हणजे नाश्त्याच्या आधीची.
ट्रॅकसूट खुर्चीवर ठेवून गेली.
धुतलेला नव्हता.

परवा टीव्हीवर सामना होता.
हरलो, सहा गुणांनी. हॉलखालच्या बारमध्ये
गिरणीतली माणसं पंचांना शिव्या घालत होती.
आठ नंबर फ्री थ्रोला उभी राहिली,
कॅमेरा तिच्या पाठीमागे,
नाव भलंमोठं, पडदाभर.
मी खुर्ची पुढे ओढली.
पाखरू जरासं डावीकडे कललंय.
तो टाका माझा नाही.