तिसरा टेक

वाशीत, सेक्टर सतराला, दातांच्या दवाखान्याच्या वर,
भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम लावलेल्या खोलीत
मी म्हटलं, "आणि मग पाणी लाल होतं."
काचेपलीकडून सॅव्हिओ म्हणाला, भावना कमी.
पुन्हा म्हटलं. अजून कमी, तो म्हणाला,
चित्र बोलतंय, तू फक्त सांग.
तिसऱ्या टेकला मी असं सांगितलं
जसं दूधवाल्याला सांगतात, उद्या नको.
तोच ठेवला.

मिनिटाला दीडशे रुपये, बावन्न मिनिटं.
परक्या देशातली एक अरुंद खाडी,
होड्यांची रांग, पाण्यात सोडलेले लोखंडी पाइप,
पाइपांवर हातोडे.
जेवणाच्या डब्यात लपवलेला कॅमेरा.
डॉल्फिनला कानानं दिसतं, हे वाक्य माझ्या वाट्याला होतं.
आवाजाची भिंत उभी केली की त्याला वाटतं
समुद्र इथंच संपला.
हेही.

मार्चमध्ये दिवाळे गावच्या जेट्टीवर ती दाखवली.
सुक्या जवळ्याचा वास, मंडळाच्या खुर्च्या,
पडदा म्हणून ताडपत्री, वाऱ्यानं पोट फुगवणारी.
स्पीकर मागे ठेवलेले, त्यामुळे माझा आवाज
माझ्याच पाठीवर येत होता.
डॉल्फिननं उडी मारली तेव्हा पोरं हसली.
मग पाइप वाजू लागले
आणि जोमाकाका उभे राहिले.

"ह्यो आवाज मना ठाव हाय."

बसा, कुणीतरी म्हणालं. ते बसले नाहीत.
"बोयटं आमी अशीच हाकलतो. फळीवर वल्हा आपटून."
"बोयटं येगली," मागून चांगुणाबाई.
"येगलीच. पन आपटनारा हात येगला हाय का?"

मग पडद्याकडे पाठ करून
(तिथलं पाणी आता त्यांच्या सदऱ्यावर हलत होतं)
त्यांनी सांगितलं, बापसाच्या जाळ्यात एकदा गादा आला होता.
तेल काढलं. होडीला लावलं.
त्या साली लाकडाला कीड नाही.
कापायच्या आधी तो श्वास सोडायचा,
"मानसावानी. झोपल्याल्या मानसावानी."
आईनं त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं.
मरणाऱ्यावर कशाला, असं बापूस ओरडला,
तरी तिनं ते पुन्हा भिजवून आणलं.

फिल्म थांबली नव्हती.
"आणि मग पाणी लाल होतं,"
मी म्हणाले, मागून, दूध नको म्हणून सांगावं तशी.
काकांनी वळून पाहिलं. पडद्याकडे नाही, स्पीकरकडे.
"ही बाय कोन? हिला काय वाटत नाय काय?"

मी तिसऱ्या रांगेत होते.
हात वर केला नाही.

नंतर चहा. खुर्च्या एकात एक रचल्या गेल्या.
खाडीपलीकडे रात्रपाळीत पुलाचे खांब ठोकत होते,
धप्प, मग थोडं थांबून, धप्प.
गावाला तो आता ऐकू येत नाही, फ्रिजसारखा.
काका जेट्टीच्या शेवटच्या पायरीवर,
वल्हं पाण्यात उभं धरून दांड्याला कान लावून बसलेले.
घोळ कुठे बोलतेय ते पूर्वी असंच ऐकायचे.
मला पाहून सरकले. वल्हं माझ्याकडे केलं.
लाकूड गार होतं, कानाला खारट.

"काय आयकू येतं?"
धप्प, मी म्हटलं.
"तो सोर. त्याच्या मधी आयक,
दोन धप्पांच्या मधी."

मी श्वास धरला.