मॉडेल आली नाही म्हणून

अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला, सीमेच्या जरा अलीकडे,
तांबं संपलं तेव्हाच संपायला हवं होतं असं एक गाव.
एकाचं अंगण दुसऱ्याच्या छपरावर,
आणि मध्ये पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या.
पोस्टमन दारोदार फिरत नाही,
इतकं चढायला सरकारनं नकार दिलाय.
लोकच अकराच्या सुमाराला पोस्टात येतात
आणि पत्रांपेक्षा बातम्याच जास्त घेऊन जातात.

खाण बंद झाली त्या वर्षी, म्हणे,
जुन्या गाडीच्या भावात घर मिळायचं.
मग आले कुंभार, काच फुंकणारे,
मोडक्या पियानोच्या पट्ट्यांची कानातली करणारी एक बाई.
मी एक किटली उचलून पाहिली,
तिची तोटी स्वतःच्याच कानाकडे वळलेली.
किंमत वाचली
आणि चहा सोडण्याचा विचार केला.

संध्याकाळी जुन्या युनियन हॉलमध्ये उजेड दिसला
म्हणून नुसती डोकावले.
ओफेलिया किरोझ, डोक्यावर वेल्डिंगचा चष्मा,
म्हणाली, मॉडेल आली नाही,
तिच्या ट्रकचा पट्टा तुटलाय. तू बसशील?
मी म्हटलं, कपडे?
असू देत की. घड्या काढायला शिकायचंच आहे त्यांना.

बसले.
बावीस वर्षं फिनिक्समध्ये लोकांचे हिशोब तपासतेय,
पण इतका वेळ माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं,
डॉक्टरनंसुद्धा.
शाळेतल्या बाईंनी मान लांबवली, आभार.
एका पोरानं फक्त बूट काढले, नाडीसकट.
आणि कोपऱ्यात लालो आर्विसू, वय एक्याऐंशी,
त्यातली सत्तावीस वर्षं जमिनीखाली,
माझ्याकडे न बघताच
कोळसा आडवा धरून
अख्खा कागद काळा करत बसलेला.

काळं फासणं म्हणजे आमच्या भाषेत काय,
ते त्याला कसं सांगणार?

मग त्यानं खिशातून पावाचा गोळा काढला,
चिमटीत मळला,
आणि काळ्यातून उजेड पुसून काढू लागला.
आधी एक कानशील. एक गुडघा.
बोटांची पेरं, मोजून तीन.
बाकी मी नव्हतेच.
राहिलं की काहीतरी, मी म्हटलं.
तो म्हणाला, खाली असंच असायचं.
दिव्यात येईल तेवढाच माणूस दिसायचा.
उरलेला आहे असं धरून चालायचं.

हे विकत देणार का?
नाही. कागद एकच आहे माझ्याकडे.
पुढच्या मंगळवारी परत काळा करणार.
तुझ्याखाली अकरा जण आहेत.

पहाटे त्यानं सांगितलेल्या वाटेनं गेले:
पडकी टाकी डावीकडे ठेव,
मग ओकोतियोचे काटे,
मग वाट नसेल, तरी जा.
रानडुकरांचा घाणेरडा, ऊबदार वास आला,
आई आणि दोन पिल्लं,
मला ओलांडून गेली, जशी मी दगड.
ओठ फुटले होते. पाणी गाडीत राहिलं होतं.

कड्यावर पोचले तेव्हा खाली खाण
एवढी काळी की तिला तळ आहे
असं धरूनच चालायचं.
मग सूर्य आला, घाई न करता.
एक पायरी पुसली. गंजलेल्या क्रेनची मान.
कुणाच्या तरी दोरीवरची चादर.
पोस्टाचं छप्पर.
मी थांबले नाही पूर्ण होईपर्यंत,
तहान फार लागली होती.

लालोशी हात मिळवला होता निघताना.
ते काळं फिनिक्सपर्यंत स्टिअरिंगवर होतं.
कपाळाला कधी लागलं
ते मात्र
लिफ्टच्या आरशात कळलं.