डोळे भरण्याचं प्रात्यक्षिक

"उद्या डोळे भरायचे आहेत," म्हणालो
की मागच्या बाकावरून दरवर्षी एक हसू येतं.
येऊ देतो. बावीस बॅचा झाल्या,
त्या हसण्यावरूनच कळतं, वर्ग जागा आहे.

इथे उद्यानविद्या मागून कुणी येत नाही.
मेडिकल हुकलेलं, इंजिनिअरिंगची फी न झेपलेलं,
यादीतल्या चौथ्या पसंतीला लागलेलं पोर
यावल रस्त्यावर एसटीतून उतरतं
आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारतं,
सर, याला पुढे स्कोप काय?

मी त्याच्या हातात चाकू देतो.

जंगली बोरीचं खुंट, पेन्सिलीएवढं.
सालीवर एक आडवी चीर, एक उभी.
साल अशी उचलायची,
झोपलेल्या लेकराच्या तोंडावरची गोधडी जशी.
मेहरूणच्या काडीवरचा डोळा ढालीसारखा काढून
आत सरकवायचा. पट्टी आवळायची,
डोळा तेवढा उघडा सोडायचा.
आणि मग एकवीस दिवस काही म्हणजे काही करायचं नाही.
हे सगळ्यात अवघड.
यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

हेमकांत फिरकेचे वडील आले होते एकदा,
सावद्याहून, मोटारसायकलवर, कडक उन्हात.
"केयीले काय शिकनं पडतं, मास्तर?
पानी देल्लं का येते."
मी चहा सांगितला. वाद घातला नाही.
दुसऱ्या वर्षी पोरानंच बापाच्या बागेत
पानांवरचे पिवळे पट्टे पाहिले, म्हणाला, हरण्या आहे,
ही चारशे झाडं उपटायची. आजच.
बाप आठ दिवस बोलला नाही.
नवव्या दिवशी फोन आला, मला:
"मास्तर, बांधाकडची अजून सात दिसताय.
त्याले धाडा."

तासिका तत्त्वावर अकरा वर्षं काढली मी.
बँकेतला माझा वर्गमित्र विचारायचा, भेटतं काय रे?
मी अंगठा दाखवायचो.
चाकूच्या इतक्या बारीक खुणा आहेत त्यावर
की हजेरीचं मशीन मला ओळखत नाही.
रोज सकाळी म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
रोज करतो.

झेली पावरा चोपड्याच्या वरच्या पाड्यावरची.
वर्गात बोलायची नाही, हात बोलायचे.
तिचे वीसपैकी एकोणीस डोळे फुटले,
माझे त्या वर्षी चौदा.
तरी मी तिचे दोन मार्क कापले:
कलमाखालची जंगली फूट काढली नव्हती तिनं.
"खालचं खाऊन टाकतं वरचं," मी फळ्यावर लिहिलं,
दोनदा अधोरेखित केलं.
ती फळ्याकडे नाही, फुटीकडे पाहत राहिली.

काल चोपडा गाडीच्या कंडक्टरनं पिशवी आणून दिली.
बोरं. अर्धी मेहरूणची, लांबट, पिवळी, टपोरी,
अर्धी जंगली, वाटाण्याएवढी, लालभडक.
वहीच्या पानावर चिठ्ठी:
"सर, पाड्यावरच्या एकतीस बोरींवर डोळे भरले.
बाजाराला वरची जातात.
पण प्रत्येक झाडाला खाली एक जंगली फांदी ठेवलीय.
पोरांना आंबटच लागतात, आणि ती बाजाराला येत नाहीत.
दर पावसाळ्यात छाटते, वरचढ होऊ देत नाही.
तुम्ही मार्क कापाल, माहितीय."

कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.
सात वर्षांपूर्वीचं पान, कसर लागलेलं.
पेन्सिलीनं दोन मार्क वाढवले. बाजूला सही केली.
याचा कुणाला उपयोग नाही.

मग आधी एक गोड खाल्लं,
मग एक आंबट, मग अजून एक आंबट.
स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं, पंखा बंद होता,
आणि प्रात्यक्षिक तर उद्या.
आंबट बोरानं होतं तसं.
कुणालाही होतं.