चित्र सत्तेचाळीस

ऑर्विलच्या बेकरीला तिसरी नोटीस:
वकील तोच, आंधळा नवा.
पाच हजार डॉलरांत मिटवू म्हणाला, फोनवरच.
दळायला आम्ही, पीठ खायला हा.

टोपेकात कायदा झाला परवा,
असल्या दाव्यांना चाप.
ऑर्विलनं गल्लीभर पाव वाटले,
मलाही दिला, गरम, कागदात गुंडाळून.
"तुझ्याबद्दल नव्हतं हं, व्हर्ना."
"माहितीये," म्हटलं.

रात्री नातीसाठी केक मागवायला बसले.
मशीन वाचू लागलं:
बटन. बटन. चित्र सत्तेचाळीस.
बटन.
चित्र अठ्ठेचाळीस.

यातलं चॉकलेटचं कुठलं?

दुकान सातला उघडतं, चार चौक पलीकडे.
काठी दाराशीच असते.
बाहेर बर्फ पडत असावा, रस्ता गप्प झालाय.

पाव मात्र, खरं सांगते, छान होता.