झारेकरी

अप्टन, लाँग आयलंड. रात्री बारा ते सकाळी आठची पाळी.
बाहेर ठेंगण्या पाइनच्या रानात हरणं,
गाडीच्या उजेडात क्षणभर डोळे पेटवून
पुन्हा खाली मान घालणारी.
आत सोळा पडदे, एक कुरकुरता हीटर,
आणि मर्ल डॉम्ब्रोस्की, पॅचोगचा,
जो बीम भरताना दर वेळी टोपी उलटी घालतो.
विज्ञानाला मान्य नाही, पण कुणी त्याला अडवत नाही.

मग सोनं सोन्यावर आदळतं.
सोन्याचे अणुगर्भ, जवळजवळ उजेडाच्या वेगानं,
सेकंदाला हजारो वेळा.

मी सोनाराची मुलगी.
आमच्याकडे कण घसरला तर
बाबा आधी पंखा बंद करत,
मग श्वास.
मग फरशीवर गुडघे.

फोनवर त्यांनी एकदा विचारलं, किती सोनं फोडता गं वर्षाला?
म्हटलं, गुंजभरही नाही.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, अगं, मग तोलता काय?

तोलतो ते हे:
एका टकरीतून शेकडो रेघा फुटतात,
त्या गर्दीत क्वचित कुठे एखादा डी-शून्य.
त्याचं आयुष्य सेकंदाचा अब्जावा भाग,
त्याचाही हजारावा,
त्याचाही अर्धा नाही.
तेवढ्यात तो केसाच्या जाडीएवढं अंतर चालतो
आणि फुटतो. एक केऑन, एक पायॉन.
तो स्वतः कधीच दिसत नाही.
दोन रेघा मागे मागे न्यायच्या,
त्या टकरीच्या जागी न मिळता
किंचित बाजूला मिळाल्या,
तर तिथे तो होता.
बहुतेक.

वर्षातून एकदा अनसाबाई यायची,
दुकानाचा केर विकत घ्यायला.
भट्टीची राख, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ,
आमच्या पायांची धूळसुद्धा.
ओढ्याकाठी काथवटीत घोळवत बसायची दिवसभर.
मी विचारलं, सोनं कसं ओळखतेस?
सोनं नाही ओळखत बाई, ती म्हणाली,
माती ओळखते.

तर आम्ही मुद्दाम खोट्या सोयरिकी जुळवतो.
एका टकरीतला केऑन, भलत्याच टकरीतला पायॉन,
ज्यांची जन्मात गाठ पडली नाही.
अशा कोट्यवधी जोड्या लावायच्या,
आणि तो सगळा ढीग
खऱ्या ढिगातून वजा करायचा.
उरतो एक उंचवटा.
पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं पडद्यावर डाग आहे.
मी बोटानं पुसलासुद्धा.

चार्म क्वार्क जड.
पहिल्याच ठिणगीत जन्मतो,
मग भोवती तो रस तयार होतो,
लाखो कोटी अंश तापलेला,
आणि याला त्यातूनच वाट काढावी लागते.
आम्ही धरून चाललो होतो, जड आहे, वाहणार नाही.
लोंढा जाईल, हा जागच्या जागी राहील.
आलेख म्हणतो, वाहतो.
लोंढा झुकला तिकडे झुकतो,
हलक्यांच्या जवळजवळ बरोबरीनं,
आणि जोरात निघालेले तर
वाटेतच बरीचशी ऊर्जा देऊन बसतात.
एरर बार अजून लांब आहे. म्हणून हे हळू बोलते.

तीन पन्नासला बीम गेला.
मर्लनं टोपी सरळ केली. आज किती सापडले?
म्हटलं, दोन वर्षांनी सांगते.
त्यानं मान हलवली, जणू दोन वर्षं म्हणजे दुपारपर्यंत,
आणि डब्यातली त्याच्या आजीची पियेरोगी पुढे केली,
गार झालेली, कांदा जरा करपलेला.

सहा वाजता झाडणारा आला.
मी खुर्चीत पाय वर घेतले
आणि सवयीनं केराकडे पाहिलं:
चिप्सचा चुरा, एक छोटा स्क्रू,
बुटांबरोबर आत आलेल्या पाइनच्या सुया.
थांब जरा, मी त्याला म्हणाले.
स्क्रू उचलून टेबलावर ठेवला.
कुठला आहे, अजून कळलेलं नाही.