कयाम

अम्मी दिवसभर उभीच असते
पिंपळगावच्या पॅकहाऊसात, द्राक्षांच्या टेबलाशी,
कात्रीच्या टोकानं तडकलेले मणी उडवत.
तिथं स्टूल नाही. मी विचारलं होतं.

रात्री तीनला बागवानपुऱ्यात नळाला धार नसते,
म्हणून झाकून ठेवलेल्या तांब्यातलं गार पाणी.
कोपरापर्यंत हात धुतले तरी
बोटांना द्राक्षांचा चिकटा राहतोच.

पुन्हा उभं कशाला, म्हणालो,
बसून पढलेली चालते की.
तर म्हणे, तिकडं तासाचे पैसे मिळतात, मुजीब.
इथं मला कुणी उभं केलेलं नाही.

काल सूरा लांबली.
डावा गुडघा थरथरला, सावरला, पुन्हा थरथरला.
मी गोधडीतून उठून तिच्यामागं जाऊन थांबलो,
हात पुढं, न लावता,
पडलीच तर म्हणून.

वजू नव्हता माझा. निय्यतही नाही.
फरशी एवढी गार असते
हे माहीत नव्हतं.

ती रुकूत वाकली
आणि माझे हात तसेच राहिले
समोरच्या रिकाम्या हवेत.

द्वारकेवरची सहाची गाडी
अजून लांब होती.