पॅटर्न आणि वाळू

उद्यमनगरात बाबा मोल्डर होते.
शर्टाच्या खिशात कायम चिमूटभर काळी वाळू,
आई धुण्याआधी खिसे उलटे करायची.

मी लक्ष्मीपुरीत, बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर
दोन रॅकसमोर बसते. इथं वाळू नाही.
एसी अठरावर, भर मे महिन्यात अंगात स्वेटर.

आधी एका कामाला एक यंत्र असायचं.
पगाराचं वेगळं, कर्जाचं वेगळं,
आणि एक कुणाचं ते कुणालाच ठाऊक नसलेलं,
जे बंद करायला मगदूम साहेब घाबरायचे.
दिवसभर सगळी दहा टक्के राबायची,
वीज मात्र पुरी खायची.

मग हायपरव्हायजर आला.
एका लोखंडात अकरा यंत्रं मांडली आम्ही.
ज्याचा त्याचा कर्नल, ज्याची त्याची डिस्क,
प्रत्येकाला वाटतं, लोखंड माझ्या एकट्याचं.
वाटू दे.
पुराचं पाणी जनरेटरच्या पायरीला लागलं त्या रात्री
चालू यंत्रं मी कागलच्या माळावरच्या लोखंडावर सरकवली,
एकेक करत, व्यवहारासकट.
एकानंही विचारलं नाही, आपण कुठं आलो.
मीच तेवढी चार दिवस तिथं अडकले, बिस्किटांवर.

आता कंटेनर.
आफ्रीन मुल्लाणीला येऊन तीन महिने झालेत. विचारते,
‘म्हंजे छोटं व्हीएमच न्हवं का, मॅडम?’
न्हवं गं.
कर्नल एकच, सगळ्यांत मिळून.
भिंती आहेत, पण त्या नजरेच्या:
आतल्याला आपलंच बिऱ्हाड दिसतं
आणि आपणच एक नंबर, असं वाटत राहतं.
मेमरी पळीनं मापून.
जास्त ओढली तर ताट नाही,
जीवच काढून घेतात.

हे तिला कळलं.
सांगायचं राहिलं ते शुक्रवारी घडलं.

पिग्मीची दिवसाची वसुली तिनं कंटेनरच्या पोटातच ठेवली होती.
कंटेनर पडला. दोन सेकंदांत दुसरा उभा राहिला,
हुबेहूब, ताजातवाना,
आणि आत एक रुपया नाही.
बोंगाळे एजंटानं पावतीपुस्तकं आणून दिली,
मंडईच्या वासाची, हळदीचे अंगठे उठलेली.
रात्री एकपर्यंत आम्ही दोघी आकडे भरत होतो.
ती रडली नाही. नखं खात होती.

तेव्हा मी तिला बाबांचं सांगितलं.
लाकडी पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढायचा,
पोकळीत रस ओतायचा,
निवलं की साचा फोडायचा. दर वेळी.
साच्यावर जीव लावायचा नसतो.
पॅटर्न फळीवर ठेवायचा, नंबर घालून,
आणि कास्टिंग वाळूत विसरायचं नाही.

‘म्हंजे व्हॉल्यूम बाहेर लावायचा,’ ती म्हणाली.
स्क्रीनकडं बघतच.

घरी आले. धुणं भिजवताना खिसे उलटे केले,
आईची सवय.
बोंगाळेची एक पावती निघाली, चाळीस रुपयांची.
ही भरायची राहिलीच.